आजीच्या कपड्यांचं गाठोडं

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी सावीना उयुनी गावच्या बसथांब्यावर रांगेत उभी होती. तिच्या पुढे मीठ खणणारा म्हातारा तिबुर्सियो होता आणि त्याला कायमचा शहरात न्यायला आलेली, परीक्षेचं घोकणारी नात.

“मिठातले अणू जुळताना ऊर्जा बाहेर टाकतात आणि शांत होतात, आजोबा.”

“आणि तोडायचे झाले तर?”

“तेवढीच परत घालावी लागते.”

“ती कुठून आणायची या वयात?”

“काखेतल्या त्या गाठोड्यात काय आहे?”

“तुझ्या आजीचे कपडे.”

“ती गेल्यावर आठव्या दिवशी रीतीप्रमाणे जाळले नाहीत? जीव अडकून राहतो तिचा.”

“काडेपेटी सापडली नाही.”

“तीन महिने?”

“तीन महिने.”

बस आली. तिबुर्सियोने गाठोडं टपावर टाकू दिलं नाही.

त्याच वर्षी, ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी, तो ओरुरो शहरात नातीच्या घरी वारला, असं सावीनाच्या कानावर आलं.