ढिगात ठेवलेल्या डब्याबाबत

नाव वर लिहिल्याप्रमाणे, वय सहासष्ट, धंदा सध्या काही नाही, पूर्वी शाळेत जीवशास्त्राची शिक्षिका, शिक्षण बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, राहणार साठवण डेपोच्या तारेलगतच्या ओळीतले शेवटचे घर.

मी समक्ष ठाण्यात येऊन, विचारल्यावरून, सांगते की वरील ठिकाणी मी एकटी राहते. डेपोचा पहारेकरी हा माझा सख्खा धाकटा भाऊ. डेपोची जागा ठरवणारा अधिकारी हा माझा जावई. दोघांपैकी कोणाशीही माझे वैर नव्हते.

जावयाचे काम असे. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून जंगलात कुठे किती लाकूड, फांद्या आणि झुडपे आहेत याचा अंदाज करायचा, त्याचा नकाशा काढायचा आणि वीज केंद्राच्या भट्टीसाठी तो माल कुठे साठवायचा ते ठरवायचे. हा नकाशा त्याने दोन वर्षांपूर्वी माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला होता. गडद हिरवे तिथे माल जास्त, फिके तिथे कमी. सगळ्या हिरव्याच्या मधोमध त्याने पेन्सिलीने फुली मारली. तिथून ट्रकच्या फेऱ्या सर्वांत आखूड पडतात असे म्हणाला. फुली आमच्या ओळीमागच्या खोलगट जागेवर होती. मी म्हटले, "तिथे दुपारपर्यंत धुकं हलत नाही. आमचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे लाकूड काय वाळणार?" तो म्हणाला, "आई, नकाशात कपडे वाळत घालायची सोय नसते." मुलगी हसली. मीही हसले.

डेपो तिथेच झाला. लाकडाचा चुरा ओला यायचा, ओलाच रचला जायचा, त्यावर नवा पडायचा. ओल्या पाल्यालाकडाचा मोठा ढीग आतून तापतो. हे मी नववीच्या वर्गाला शिकवत असे. जावयाला सांगितले तेव्हा त्याने उत्तर दिले की नववीचे पुस्तक आता बदलले आहे.

ढीग तापतो हे डेपोत सगळ्यांना माहीत होते. थंडीत त्यावर मांजरे झोपत. कामगार सकाळी जेवणाचे डबे चुऱ्यात हातभर खोल पुरत आणि दुपारी गरम काढत. ढिगाला ते "फुकटची चूल" म्हणत. जावई पाहणीला येई त्या दिवशी त्याचा डबा माझ्या घरून जाई आणि भाऊ तो पुरून ठेवी. घरी भाऊ त्याला जावईबापू म्हणे, डेपोत साहेब. "साहेब, तुमची वीज केंद्रात पोचायच्या आधी आमच्या पोटात पोचली बघा," असे भाऊ म्हणे आणि जावई हसत जेवे. हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

गेल्या मंगळवारी डबा मी नेऊन दिला. दोन खणांचा, स्टीलचा, झाकणाला एका बाजूस पोचा. दुपारी मी रिकामा डबा आणायला गेले तेव्हा तो अजून ढिगातच होता. वाफ नेहमीपेक्षा जास्त येत होती आणि करपट वास होता. जावई ऑफिसच्या पायरीवर उभा होता. भाऊ त्याला म्हणाला, "साहेब, आज राहू द्या. आत धुमसतंय. ताईकडे जा, ताजं जेवा."

जावई म्हणाला, "मामा, मला मीटिंग आहे. काढा पटकन. पगार घेताना बरे नाही घाबरत?"

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, तुझा जावई." मग फावडे घेऊन गेला.

फावडे खोल गेले. आत हवा शिरली आणि जाळ बाहेर आला. भावाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. जावयाने ताबडतोब फोन केला. तो कंपनीला केला. रुग्णवाहिका शेजारच्या बाईंनी बोलावली.

कंपनीच्या तक्रारीत असे आहे की ढीग थंड होता आणि पहारेकऱ्याने जळती सिगारेट टाकली. खाली सही जावयाची आहे. भाऊ सिगारेट ओढतो, ते मी लपवत नाही. ओढतो ती माझ्या पायरीवर बसून. काडेपेटी फाटकावर काढून घेतात. शिवाय सिगारेट पेटवायला हात मोकळे लागतात. त्याच्या दोन्ही हातांत फावडे होते. आणि थंड ढिगात कोणी जेवण गरम करायला ठेवत नाही.

भाऊ रुग्णालयात आहे. तो पळून जाईल म्हणून खाटेशी शिपाई बसवला आहे. त्याला पाणी तो शिपाईच पाजतो. त्याबद्दल मी शिपायाची आभारी आहे.

आज मुलगीच मला गाडीतून इथे घेऊन आली. वाटेत म्हणाली, "आई, तू काही पाहिलं नाहीस, एवढंच सांग. मामाचं वय झालंय, त्याला कोण काय करणार? यांची मात्र नोकरी जाईल."

मी विचारले, "आणि मामाचे हात?"

"ते काय आता माझ्या हातात आहेत का?"

मुलगी सायकल शिकली तेव्हा मागची सीट धरून पळणारा तो हाच मामा. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, लिहायची गरज नाही, असे मला सांगण्यात आले. लिहावे असे माझे म्हणणे आहे.

आग विझल्यावर कामगारांनी राखेतून डबा काढून मला आणून दिला. तो सोबत हजर करते. झाकणावरचा पोचा मी ओळखते. आतल्या जेवणाचा कोळसा झाला आहे. ते मी केले होते, जावयासाठी.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "आगीचे कारण मला माहीत नाही" असे एक वाक्य होते. ते माझे नव्हते, मी खोडायला लावले. आता जे उरले ते मी बोलले तसेच आहे. वाचताना खोलीचे दार उघडे होते आणि मुलगी बाहेर बाकावर होती. घरी कशा जाल असे विचारल्यावर मी सांगितले, मुलीच्या गाडीने. ठाण्यातला शिपाई बाहेर पाहून आला. बाकावर कोणी नाही आणि गाडीही नाही असे त्याने सांगितले.

तेही लिहून घ्यावे. मग सही करते.