राक्षस मराले तयार नाई

त्या सुखदेवचं नाव माह्यासमोर काढू नोका, बाप्पा. चहा कडू लागते मले.

सुखदेव माहा चुलतभाऊ. अकोटाकडं आमच्या गावात पाडव्याले दुपारी पारापाशी दंडारीचा सोंगाचा खेळ होये, त्यात दरसाली राजा तोच. जरीचा फेटा त्याले, अन् राक्षसाचा मुखवटा मले. रीत अशी, का राजाची लाकडी तलवार तिसऱ्यांदा लागली का राक्षसानं मरून पडाचं. त्या साली मी ठरवलं, आज मरतच नाई. सगळ्यासमोर राजालेच लोळवतो, मंग पुढच्या साली फेटा माहा!

तिसरी तलवार लागली. मी उभाच.

सुखदेव हळूच म्हने, "मर ना बे! काहून उभा हायेस?"

"तूच मर," म्हनलं, अन् देल्ली काठी त्याच्या खांद्यावर. पडला, उठला. आनखी देल्ली, आनखी उठला. तलवार मोडली, नाकातून रक्त आलं, तरी लेकाचा हटे ना! शेवटी त्यानं मले कमरेत धरून असं आपटलं, का मुखवट्यात माती गेली.

लोकायनं त्याले खांद्यावर घेतलं. माही बायकोबी टाळ्या पिटून राहिली होती!

सोंगं वाटाचं काम पाटीलबुवाकडं. मी तसाच त्यायच्याकडं गेलो. "पाह्यलं ना बुवा, कसं झोडपलं त्याले? आता फेटा मले द्या."

बुवायनं पाठीवर थाप देल्ली. "अरे, तू झोडपलं म्हनून तर तो राजा वाटला! मुखवटा आता कायमचा तुह्या घरीच ठेव."