दहाची स्प्रिंग

मुलगी : नाही काका, ठरलंय आमचं. सहाची स्प्रिंग टाका. मऊ.

बाबा : आमचं नाही, तुझं ठरलंय. मिस्त्री, तू दहाची काढ.

मिस्त्री : अहो मास्तर, बापलेकीनं घरून ठरवून यायचं की नाही? हे गॅरेज आहे, कोर्ट नव्हे. थांबा, दोन्ही सेट काढतो. हे बघ पोरी, याला कोइलओव्हर म्हणतात. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकातच. कंपनीचे मूळ शॉक आता मिळत नाहीत, म्हणून हे बसवायचे. मास्तर, हात पुढे करा. ही सहाची. आणि ही... हां, धरा नीट, जड आहे... ही दहाची.

मुलगी : फरक काय दोघांत?

मिस्त्री : आकडा मोठा तितकी स्प्रिंग कडक. सहाची खड्डा गिळून टाकते. दहाची खड्डा आहे तसा पाठीत आणून देते. वर हा नॉब आहे, त्यानं थोडंफार कमी-जास्त करता येतं, पण स्प्रिंग ती स्प्रिंगच. रेसवाले दहाची घेतात.

मुलगी : आम्ही कुठे रेसला चाललोय! मी ऑफिसला जाते आणि रविवारी बाबांना तळ्यापर्यंत फिरवून आणते. संपली आमची रेस.

बाबा : दोन सीटच्या गाडीचा पलंग करायचाय हिला.

मुलगी : बाबा, चेष्टा नको. काका, तुम्हाला तर सगळं माहितीये. उजवा डोळा गेलाच यांचा. डाव्याचं ऑपरेशन झालंय, त्यानं जरा दिसतंय. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की धक्के बसता कामा नयेत. मी म्हटलं, ही गाडीच विकू, साधी घेऊ. तर दोन दिवस जेवले नाहीत.

मिस्त्री : हं. माहितीये.

मुलगी : मग समजवा ना जरा!

मिस्त्री : मी काय समजावणार? यांनीच मला गाडी शिकवली. अजून मास्तर शेजारी बसले की ब्रेकवरचा पाय थरथरतो माझा.

बाबा : तू तरी बरा होतास. हिनं माझे तीन क्लच जाळले.

मुलगी : जाळणारच! महिनाभर स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीत. काका, मला बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसवायचे हे. ‘चाकाखाली काय आहे, सांग.’ डांबर, खडी, पुलाचा सांधा. चुकलं की गाडी मागे घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

बाबा : शेवटी शेवटी चुकत नव्हतीस हं.

मुलगी : विषय बदलू नका. ऐका माझं. थेंब घालायला दुपारची ऑफिसातून धावत घरी येते मी. तुम्हाला वाकू देत नाही, बादली उचलू देत नाही. का? तो एक डोळा राहावा म्हणून. आणि तुमचं आपलं एकच, दहाची, दहाची! उद्या तोही गेला, तर काय करणार आहात?

बाबा : तेच करतोय.

मुलगी : काय तेच?

(कोपऱ्यातला कंप्रेसर थांबतो.)

बाबा : गेला तो. डावाही.

मुलगी : काहीतरी बोलू नका.

बाबा : ठकू, ऐक...

मुलगी : सकाळी तुम्हीच म्हणालात ना मला, पंप आला, डावीकडे घे? दिसल्याशिवाय म्हणालात?

बाबा : पंपाआधी दोन गतिरोधक आहेत, लागूनच. त्यावरून म्हणालो. तिथपर्यंत ओढलं कसंतरी. पुढे काहीच कळेना. शॉक मेलेत गाडीचे, नुसती डुलते. खड्डा काय नि पूल काय, सगळं सारखंच. तुझ्या शेजारी बसून मी हरवलो होतो गं. तू ऑफिसातलं काहीतरी मजेचं सांगत होतीस आणि मला रडू येत होतं.

मुलगी : उठा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जाऊ.

बाबा : जाऊन आलो. गेल्याच महिन्यात. आता करण्यासारखं काही नाही म्हणाले.

मुलगी : कोणी नेलं तुम्हाला?

मिस्त्री : मी.

मुलगी : काका!

मिस्त्री : मास्तरांनी शपथ घातली होती, पोरी. काय करू? मघापासून तुझ्याकडे बघवत नाहीये मला.

मुलगी : आणि मी थेंब घालत होते! पंखा बंद करून, हात धुऊन, घड्याळ बघून! रोज विचारायचे, बाबा, आज जरा बरं दिसतंय ना? आणि तुम्ही हो म्हणायचात.

बाबा : हो म्हटलं की तू गुणगुणत स्वयंपाकघरात जायचीस. तुझी आई गेल्यापासून घरात कोणी गुणगुणलं नव्हतं. मला ते मोडवेना.

मुलगी : फसवलंत मला.

बाबा : फसवलं. रड, ठकू, रडून घे. मिस्त्री, पाणी दे रे हिला.

मिस्त्री : हे घे. बस इथे, या टायरवर. स्वच्छ आहे तो.

बाबा : डोळ्याबद्दल आता काही म्हणणं नाही माझं. तो विषय संपला. पण तळ्याला जाताना वळण कुठे आलं, पूल कुठे आला, एवढं तरी मला कळू दे. मऊ स्प्रिंग घातलीस, तर मी आपला गादीवर बसल्यासारखा जाणार आणि येणार. ते तर घरातही बसतोच की.

मिस्त्री : पोरी, घाई नाही काही. गाडी राहू दे इथेच, उद्या सांग.

मुलगी : खडी कळेल त्यांना?

मिस्त्री : दहाचीवर? खडी काय घेऊन बसलीस, रस्त्यावरचा पांढरा पट्टा कळेल त्यांना.

बाबा : कंबर दुखेल मात्र तुझी. रोज ऑफिसला जायचं तुला.

मुलगी : दुखू दे. आणि तुम्ही जरा गप्प बसा, मी अजून रागावलेय तुमच्यावर. काका, दहाची बसवा.

मिस्त्री : बरं. नॉब कुठे ठेवू मग? मधोमध ठेवतो, म्हणजे तुलाही जरा...

मुलगी : मला नका विचारू. बाबांना विचारा. रस्ता त्यांना बघायचाय.