विहिरीतला रॉकेलचा वास

मूळ आम्ही कळवणकडचे. आजा गवंडी, बाप गवंडी, आणि मी इमाम, मला सगळे इमाम मिस्त्री म्हणतात. शाळा म्हणाल तर दोन बुकं. घरात आमची मुसलमानी बोली, बाहेर मराठी, आणि शिव्या दोन्हीत. तुम्ही लिहून घेताय मास्तर तर घ्या, पण सांगतो तसंच लिहा, गोड करू नका. कागदाचा मला भरवसा नाय. एका कागदावर अंगठा उठवून मी एका बाईचं वाटोळं केलंय, ते पुढं येईल.

नाशकात बापाच्या मागं आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. काय सांगू तुम्हाला, या गावातले किती संडास मी बांधले त्याला गणती नाय. सगळे टोपलीचे. वर बसायचा दगड, खाली टोपली, आणि मागच्या बोळात गुडघ्याएवढं भोक, मेहतरानं त्यात वाकून टोपली ओढायची आणि डोक्यावर न्यायची. भोक गुडघ्याएवढंच का, कुणी विचारलं नाय. मीबी नाय. बापानं तसं शिकवलं, मी तसं बांधलं. आणि एवढे संडास बांधून माझ्या स्वतःच्या घराला संडास नाय.

बायको माझी येवल्याची, रसूलबी. तिचा बाप मागावर बसायचा. गोषातली बाई. आमच्या गल्लीच्या टोकाला युनिसिपाल्टीचा संडास, बायांना दोन खण, दाराला कडी नाय, एक हात दाराला धरून बसायचं. ही पहाटे अजानच्या आधी जाऊन यायची, मग दिवसभर नाव नाय. हळूहळू हिनं रात्रीचं जेवण सोडलं. मी म्हणायचो खा की, ती म्हणायची भूक नाय. मी असा संशयी माणूस, मला वाटलं माझ्यावर राग हाय, मग वाटलं चोरून खाते, डबे उघडून बघितले मी, खोटं कशाला सांगू. शेवटी शेजारच्या यासीन तांबोळ्याची बायको दाराआडून ओरडली, अहो मिस्त्री, रात्री खाल्लं तर दिवसा जावं लागतं, जाणार कुठं ती, तुमच्या डोक्यावर? आम्ही सगळ्या तशाच राहतो.

लय लाज वाटली. त्याच उन्हाळ्यात अंगणात, आमची विहीर हाय तिथंच पलीकडं, खड्डा खणायला घेतला. टोपलीचा करायचा तर बाहेरून दार काढावं लागलं असतं, गल्लीत तोंड आलं असतं, ते मला नको होतं. म्हटलं खोल खड्डा, आतून सुका दगड लावायचा, पाणी मुरून जाईल, कुणी यायला नको, कुणी बघायला नको. मुरूम कोरडा ठणठणीत लागला. खूश झालो.

गल्लीचा संडास झाडायची ती रतनबाई मेहतरीण. ती दारात उभी राहिली, टोपली कमरेवर. म्हणाली, मिस्त्री, विहीर बघा, खड्डा बघा, मधे तीस हातबी नाय. पावसाळ्यात पाणी खालून फिरतं. टोपलीचा करा, बाहेरून दार काढा, मी नेईन. मी म्हणालो, गवंडी तू का मी? ती म्हणाली, गवंडी तुम्हीच की, पण घाण कुठनं वाट काढते ते माझ्याइतकं कुणाला ठाव? मला वाटलं, टोपली लागली तर हिचं एक घर वाढतं, सणाची पोळी वाढते, म्हणून भीती घालते. हाकललं तिला. आता उन्हाळ्यात कोरडी असलेली जमीन पावसाळ्यात पाण्यानं भरते हे गवंड्याला ठाव नसतं का मास्तर? ठाव असतं. पण ते रतनबाईच्या तोंडून आलं म्हणून खोटं झालं.

संडास झाला. पत्र्याचं दार, आतून कडी. पहिल्या दिवशी रसूलबी आत गेली आणि मला कडीचा आवाज आला, लावली, काढली, परत लावली, तीनदा. बाहेर आली ती हसत. त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या तिनं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला बांगड्या केल्या, लुगडी आणली, पण तसं हसताना नाय बघितलं.

पहिल्या वर्षी पाऊस बेताचा, निभावलं. दुसऱ्या वर्षी झोडपला. विहीर वरपर्यंत आली, आम्हाला आनंद. मग यासीनची पोरं जुलाबानं हैराण, ते आमच्याच विहिरीचं पाणी भरायचे. मग रसूलबीला मुदतीचा ताप. एकवीस दिवस. डाक्टर म्हणाला पाण्यातून आलाय, विहीर बघा. विहीर बघायला मला सवड होती कुठं, तिच्या उशाशी बसलेलो. बाविसाव्या दिवशी गेली. उठायचं त्राण नव्हतं तरी शेवटपर्यंत शेजारच्या दोघींच्या खांद्यावर हात टाकून त्या संडासातच जायची ती, कडी लावून.

मग माझं डोकं फिरलं. पाण्यातून आलं तर पाण्यात घातलं कुणी? मला आठवलं, मी रतनबाईला दोन-चारदा विहिरीच्या कठड्याशी वाकलेलं बघितलं होतं. झालं. मी गल्लीत ओरडलो, हिनं टोपली विहिरीवर धुतली, राग ठेवून धुतली. लोकांना तेवढंच हवं असतं. युनिसिपाल्टीला अर्ज लिहून घेतला, पहिला अंगठा माझा. मुकादमानं तिला कामावरून काढलं. एका शब्दानं विचारलं नाय तिला. महिनाभर गल्लीच्या संडासाकडं कुणी फिरकलं नाय. मग खादीची टोपी घातलेले चारजण झाडू घेऊन आले, फोटो काढला, नाकाला रुमाल लावून गेले. संडास तसाच.

आता मला पुरावा हवा होता. भिंत गळते कुठून ते शोधायला आम्ही निळीचं पाणी ओततो, दुसरीकडं निळं दिसलं की वाट सापडली. जमिनीत नीळ टिकायची नाय, म्हणून रॉकेल घेतलं, त्याचा वास लपत नाय. रतनबाई टोपली धुवायची त्या गटारात ओतलं. चार दिवस रोज सकाळी बादली काढून हुंगली. काय नाय. गल्लीच्या संडासाच्या मोरीत ओतलं. काय नाय. मग यासीनच्या न्हाणीच्या मोरीत ओतायला गेलो तर तो कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, ओता, ओता मिस्त्री, माझ्या चहातबी ओता. चार दिवस हुंगलं. काय नाय. यासीन म्हणाला, आता उरला कोण, बोला की. मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

पण ओतलं. स्वतःच्या खड्ड्यात. तिसऱ्या सकाळी बादली वर आली ती तोंडाशी न्यायच्या आधीच कळलं. वर मोरपंखी तवंग. तुम्हाला वाटेल मी तिथं रडलो असेन. नाय. मला वाटलं यासीननं मुद्दाम विहिरीत रॉकेल टाकलं, माझी जिरवायला. असा मी माणूस. आठवडाभर पाणी उपसलं, वास गेला, मग रंगाऱ्याकडनं टर्पेंटाइन आणलं, कुणाला बोललो नाय, खड्ड्यात ओतलं, आणि विहिरीवर फळ्या ठोकून वर खाट टाकून झोपलो. चौथ्या दिवशी फळी काढली. टर्पेंटाइन. माझ्याशिवाय कुणाला ठाव नव्हतं ते. मग रडलो.

रतनबाईच्या वस्तीत गेलो. ती दारात पोराचं डोकं धूत होती, उठली नाय, या म्हणाली नाय. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मिस्त्री, मी विहिरीशी वाकायची कशाला, विचारलंत कधी? तुमची बीबी मला पाणी घालायची. ओंजळ धरायची मी, ती वरून ओतायची. गल्लीत दुसरं कुणी घालत नव्हतं. त्या पावसात मीबी पंधरा दिवस पडून होते. मी विष घालीन तर त्याच विहिरीचं पिईन का? मी परत निघालो तेव्हा म्हणाली, अर्जावर अंगठा तुमचा होता ना, आता दुसऱ्या अर्जावर उठवा. बाकी रडू नका इथं, पोरं बघतायत.

उठवला. मुकादमाच्या टेबलासमोर, सगळ्यांदेखत, म्हणालो खड्डा माझा, चूक माझी. लोक हसले. तिला घेतलं परत, पण कामाविना गेलेले दिवस कुणी परत दिले नाय.

खड्डा दगड-चुन्यानं बुजवला. टोपलीचा संडास केला, गल्लीकडं दार काढलं, आणि दार केलं माणसाच्या उंचीचं, वाकायला नको. आतून कडी तीच, रसूलबीची. दारात राखेची पाटी आणि पाण्याचा रांजण ठेवलाय. रतनबाई येते, राख टाकलीय का बघते, नसली तर शिव्या घालते. मी ऐकून घेतो. ती रांजणातलं पाणी मात्र पीत नाय, घरून तांब्या आणते. म्हणते, तुमच्या पाण्याचा भरवसा नाय मिस्त्री. बरोबर म्हणते.

मीबी रोज सकाळी बादली काढली की आधी हुंगतो. दोन पावसाळे गेले, वास नाय. डाक्टर म्हणाला आता प्यायला हरकत नाय, उकळून प्या. मी उकळतो, तरी हुंगतो. तुमच्या घरी विहीर हाय का मास्तर? जा, खड्डा कुठाय ते बघा आधी, मग लिहीत बसा. अल्ला तुमच्या घरच्या बायांना पोटभर जेवू घालो.