डॉक्टर एवढंच म्हणाले?

अगं, लग्न होऊन लंडनला आले, म्हणजे कॅनडातल्या, आपल्या ओंटारियोतल्या, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. सासूबाईंची किमो चालू होती. त्या दिवशी माझा नवरा मंदार गाडी पार्क करायला गेला आणि डॉक्टरांनी आम्हा दोघींनाच आत बोलावलं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. डॉक्टर त्यांचा हात धरून बराच वेळ बोलले. किमोचा उपयोग नाही, फार तर उन्हाळ्यापर्यंत.

मी म्हटलं, "आई, औषध बदलणार आहेत."

"एवढं लांबलचक बोलले ते, आणि एवढंच? औषध बदलायला कुणी असा हात धरतं का?"

मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"डोळे पूस. मंदार येईल इतक्यात. त्याला तू काही बोलू नकोस, मी सांगते."