पडद्यावरच्या पाट्या

तुम्ही विचारता म्हणून सांगतो, माझं मत चुकीचंही असेल. या महिन्यात अकोल्यात तीन बोलपट पाहिले. पौराणिकातली गाणी फार लांबली, सामाजिक बरा होता, तिसरा मला नीट कळलाच नाही. तिसरा पाहून परतताना टांग्यात बायकोला विचारलं, "तुला कोणता आवडला?"

"मले मुके सिनेमेच बरे वाटत."

"का? आता तर सगळं ऐकू येतं."

"त्याईत पाट्या येत. मले वाचता येत नाई, म्हणून तुमी माह्या कानाशी वाचून सांगत होते. तेवढंच तुमी माह्याशी बोलत होते."

मी दोन पदव्या घेतलेला माणूस. मोर्णा नदीचा पूल ओलांडून घर आलं, तरी मला तिच्याशी बोलायला एक वाक्य सापडलं नाही.