झेंड्यांच्या दक्षिणेस एकशे चाळीस पावले

पुरवणी जबाब
दिनांक २०/११/२०२५, वेळ सकाळी ११.२०

नाव श्रीमती कुंदा नरहर पांढरीपांडे, वय ६४ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (भूमि अभिलेख खाते, जमीन मोजणीचे काम), शिक्षण बी.ए. भूगोल, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ.

मी समक्ष वणी पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे.

दि. ०९/११/२०२५ रोजी कोकणातील मौजे सुरवेळ येथील समुद्रात उर्वशी भीमराज नगराळे, वय २६, राहणार राजूर, ही बुडून मरण पावली. त्याच दिवशी दुपारी सुरवेळ चौकीत माझा जबाब झाला. त्यात मी दोन गोष्टी खोट्या सांगितल्या. एक, आम्हाला कोणीही सावध केले नव्हते. दोन, उर्वशी माझे न ऐकता पुढे गेली. त्या जबाबाच्या आधारे, तेथे लाटांवर फळी चालवायला शिकवणारे जनार्दन तांडेल, वय ३८, यांच्यावर हलगर्जीपणाचा ठपका आहे. त्यांची शेड बंद केली आहे. त्यांना अटक होईल असे ऐकते. दोन्ही गोष्टी दुरुस्त करण्यासाठी हा जबाब आहे.

मी लहानपणापासून वर्धा नदीत पोहते. दर उन्हाळ्यात मुलींना नदीवर नेऊन शिकवते. आजवर एकतीस मुली शिकल्या. उर्वशी एकोणिसावी. पुढे ती माझ्याच जुन्या कार्यालयात भूकरमापक म्हणून लागली. तिला दीड वर्ष झाले होते.

दिवाळीनंतर दरवर्षी मी बायकांची सहल काढते. यंदा आम्ही अकरा जणी होतो. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. मीही नाही. निघण्याच्या दिवशी उर्वशीची आई तुळसाबाई बसपर्यंत आल्या. त्या म्हणाल्या, "बाई, पोरीले पान्यात लय आत नका जाऊ देजा." मी म्हटले, मी आहे ना.

दि. ०९ रोजी सकाळी ९.१५ वाजता आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. पाणी ओसरत होते. तांडेल यांच्या शेडसमोर दोन झेंडे रोवलेले होते. दोन झेंड्यांच्या मध्येच आंघोळ करावी असा फलक होता. तो मराठीत होता व मी तो वाचला. झेंड्यांच्या मध्ये लाटा फुटत होत्या, फेस होता. बायका बिचकल्या. उर्वशी म्हणाली, "मॅडम, याले हद्दच नाही. मोजणीचा अर्ज कोन करन?" सगळ्या हसल्या. अकरा वाजता तिला तांडेल यांच्याकडे फळीचा पहिला धडा घ्यायचा होता. तो झालाच नाही. तांडेल यांनी तिला पाण्यात नेले, असे जे म्हटले जाते, ते खरे नाही.

दक्षिणेकडे पाहिले असता मला एक पट्टा दिसला. रुंदी अंदाजे पंचवीस पावले. तेथे लाट फुटत नव्हती, फेस नव्हता, पाणी सपाट व जरा गढूळ होते. त्याच्या पलीकडे खडक असून त्यावर दोन माणसे गळ टाकून बसली होती. आमच्या नदीत पाणी जिथे खळखळते तिथे खाली दगड असतात. जिथे खळखळत नाही तिथे उतरायचे, हे मी एकतीस मुलींना शिकवले आहे. मी बायकांना म्हटले, इकडे चला, हे पाणी शांत आहे. जागा मी दाखवली. उर्वशीने नाही.

आम्ही जाताना तांडेल शेडमधून धावत आले. ते म्हणाले, "बाई, थंय उतरू नकात. लाट फुटणा नाय म्हणान शांत वाटता, पण थंयसूनच सगळा पाणी भायर जाता." त्यांची बोली वेगळी असली तरी मला शब्दन् शब्द समजला: तेथे उतरू नका, तेथूनच सगळे पाणी बाहेर जाते. बाकीच्या बायका मागे होत्या, त्यांना ऐकू आले नसावे. उर्वशी माझ्याजवळ होती. ती म्हणाली, "मॅडम, हा मानूस खरं बोलून राह्यला वाटते." मी तांडेल यांना म्हणाले, मी पन्नास वर्षे पोहते आहे, मला पाणी शिकवू नका. ते म्हणाले, "न्हंय वेगळी, दर्या वेगळो." न्हंय म्हणजे नदी. मी म्हटले, तुमच्या धड्याची फी बुडणार नाही, काळजी करू नका. तोवर बाकीच्या जवळ आल्या होत्या; हे शेवटचे वाक्य मी दहा जणींसमोर बोलले. त्यांचा चेहरा पडला. तरी ते परत गेले नाहीत, तेथेच उभे राहिले.

येथे हा जबाब लिहून घेणारे हवालदार हरिसिंग राठोड लिहायचे थांबले व म्हणाले, "बाई, हे कायले सांगून राह्यल्या? सगळं तुमच्यावर येईन ना." मी त्यांना म्हटले, ज्याचे आहे त्याच्यावर येऊ द्या. तुम्ही लिहा. हे वाक्यही लिहा.

९.४० वाजता मी व उर्वशी पाण्यात उतरलो. बाकीच्या घोट्याइतक्या पाण्यात होत्या. मी कमरेइतक्या पाण्यात थांबले. उर्वशी माझ्या पुढे चार हातांवर होती. पायाखालची वाळू सरकली. मी पडले, उठले, मागे आले. उर्वशीचे पाय सुटले. ती पोहू लागली. हात व्यवस्थित मारत होती, मी शिकवले तसे. पण तोंड किनाऱ्याकडे असून ती मागे जात होती. हे मी नदीत कधी पाहिलेले नाही.

तांडेल फळी आणायला शेडकडे पळाले. पळता पळता ते ओरडत होते, "आडवी पव! खडकाकडे नको, झेंड्याकडे आडवी पव!" खडकावरचा गळवालाही हाताने आडवे दाखवत होता. मी ओरडले, सरळ काठाकडे ये, माझ्याकडे बघ, माझ्याकडे ये. मी हे किती वेळा ओरडले ते सांगता येणार नाही. उर्वशीने तांडेल यांच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पोहत राहिली.

आडवे, म्हणजे किनाऱ्याच्या रेषेत, पंचवीस पावले गेली असती तर ती त्या ओढीच्या बाहेर पडली असती व फुटणाऱ्या लाटांनीच तिला आत आणले असते. हे मला तांडेल यांनी नंतर सांगितले. आवाज न चढवता सांगितले.

गळवाल्याने दोरी बांधलेला रिकामा डबा फेकला, तो तिच्यापर्यंत पोहोचला नाही. ९.५२ च्या सुमारास ती दिसेनाशी झाली. तांडेल फळीवरून त्याच ओढीतून आत गेले व १०.१४ वाजता तिला घेऊन आले. त्यांनी बराच वेळ तिची छाती दाबली. रुग्णवाहिका आल्यावरही ते थांबले नाहीत, त्यांना धरून बाजूला करावे लागले.

चौकीच्या पंचनाम्यात घटनेची जागा दोन झेंड्यांच्या मध्ये, शेडसमोर दाखवली आहे. ती चूक आहे. दि. १० रोजी सकाळी मी स्वतः मोजले. दक्षिणेकडील झेंड्यापासून एकशे चाळीस पावले. माझे पाऊल बहात्तर सेंटिमीटरचे आहे, म्हणजे सुमारे शंभर मीटर. हाताने काढलेला नकाशा सोबत जोडला आहे. पंचनामा चुकीचा आहे हे मला तेव्हाच माहीत होते. तरी मी तेव्हा हा नकाशा कोणाला दाखवला नाही.

पहिला जबाब खोटा का दिला, असे विचारल्यावरून सांगते की, मला घाबरवले नव्हते व फसवलेही नव्हते. जबाबाच्या आधी तुळसाबाईंचा फोन आला. त्या विचारत होत्या, "बाई, तुमी कुठी होत्या?" त्यानंतर मी चौकीत गेले.

दि. १६ रोजी राजूरला उर्वशीचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीने आदरांजलीचा, कार्यक्रम झाला. वंदना झाल्यावर तिचे वडील भीमराज नगराळे उठून बाहेर गेले. तुळसाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई होत्या म्हून माह्या पोरीचं तोंड तरी पाह्याले भेटलं. त्या मानसाले सोडू नका बाई, तुमी शिकलेल्या हा." मी तेथे जेवले.

तुळसाबाई आत्ता ठाण्याच्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. आज मी तांडेल यांच्याविरुद्ध आणखी सांगणार, अशा समजुतीने त्या माझ्यासोबत आल्या आहेत. त्यांना अद्याप काही सांगितलेले नाही. या जबाबाची एक प्रत मला द्यावी. ती त्यांना मी वाचून दाखवणार आहे. ते काम दुसऱ्या कोणावर सोपवू नये.

जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात "मयत घाबरलेली असल्याने तिला सूचना समजली नसावी" असे एक वाक्य हवालदारांनी आपल्या मनाने घातले होते. ते मी खोडायला लावले असून शेजारी सही केली आहे. तिला दोन्ही सूचना समजल्या होत्या. तिने माझी ऐकली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष
(सही) कुंदा न. पांढरीपांडे